फेस बसायच्या आत

“फेस बसायच्या आत घर आलं पायजे,” असं म्हणत मामा दुधाची किटली डोळ्यांसमोर धरत, एक डोळा बारीक करत आणि चालू लागत. भाड्याचं घर शोधायला आलेला माणूस त्यांच्या मागोमाग. त्या बिचाऱ्याला वाटे, हे आधी दूध आपल्या घरी टाकून येणार आणि मग आपल्याला घर दाखवणार. पण त्यांचं घर दाखवणं तिथूनच सुरू झालेलं असे.

घरं दाखवणारे एजंट तुम्हीही पाहिले असतील. बोटात चावी फिरवत येतात, कुलूप काढतात, ‘एकदम हवेशीर’ म्हणतात आणि खिडकी काही उघडत नाहीत. आमचे मामा त्यांतले नव्हते. मामा म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. सगळी पेठ त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. खरं नाव मला फार उशिरा कळलं, तेही कळायला नको होतं अशा दिवशी. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायांत करकर वाजणारं पायताण आणि खिशात लोकांच्या रिकाम्या घरांच्या चाव्या. प्रत्येक चावीला रंगीत दोरा बांधलेला. हिरवा दोरा म्हणजे भाजीवाली दारात येते, पिवळा म्हणजे कोपऱ्यापर्यंत जावं लागतं आणि लाल म्हणजे मालक खडूस. मालकांना हे माहीत नव्हतं, म्हणून बरं.

ज्यांनी कोल्हापूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे काही पेठांतून अजूनही सकाळ-संध्याकाळ म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतात. तालमीतून आलेली पोरं तिथेच उभी राहून पेला तोंडाला लावतात. बाकीचे किटली भरून घरी नेतात. गंगावेशीतल्या कट्ट्याच्या आसपास आजूबाजूच्या गावांतल्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन बसतात, कारण सकाळी दुधाला आलेला माणूस भाजी घेऊनच परततो. मामांचं शास्त्र एवढंच होतं की नुकत्या काढलेल्या दुधावरचा फेस सात-आठ मिनिटं टिकतो. तेवढ्या वेळात चालत जे घर येतं, त्या घराला सगळं ताजं आणि पायी मिळतं. त्याच्या पलीकडचं घर कितीही चकचकीत असो, मामांच्या लेखी ते परगाव.

आम्ही जळगावचे. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याला शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि मला इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मुलगी तीन वर्षांची. दोघांचे पगार मिळूनही हात आखडूनच राहावं लागणार होतं. दोन एजंटांनी आम्हाला शहराबाहेरच्या नव्या इमारती दाखवल्या. भाडं परवडणारं होतं, फरशी गुळगुळीत होती, गॅलरीतून डोंगर दिसत होता. मी जवळजवळ होकार दिला होता. तेवढ्यात शाळेतल्या शिपाईमावशींनी अडवलं. म्हणाल्या, मामास्नी ईचारल्याबिगर घर घेऊ नका.

मामा भेटले ते कट्ट्यावर. खोल्या किती हव्यात, अनामत किती देणार, असलं काहीच त्यांनी विचारलं नाही. स्वयंपाक कोण करतं, पोरगी दूध पिते का, भाजी रोज आणता का आठवड्याची एकदम, भाकरी लागते का चपाती, अशी उलटतपासणी सुरू झाली. मी मुळात चिडकी. मला घर हवंय, मी खानावळ काढणार नाहीये, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. उलट मला विचारलं, “मग त्या लांबच्या फ्लॅटात ऱ्हाऊन मूठभर कोथमिरीला गाडी काढणार हायसा व्हय?”

गॅलरीतला डोंगर बघून मी कोथिंबिरीचा विचारच केला नव्हता.

मग त्यांनी किटली भरून घेतली आणि निघाले. मुलगी माझ्या कडेवर, नवरा मागे, आणि हे साठीच्या आसपासचे गृहस्थ आमच्यापुढे दहा पावलं. एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून बोळात. मी दारांवरच्या जुन्या लाकडी पट्ट्या बघत रेंगाळले, तर पुढून आवाज आला, “चालतायसा का चित्र काढतायसा?” मी चित्रकला शिकवते हे त्यांना अजून कुणी सांगितलंही नव्हतं. एका अरुंद बोळाच्या टोकाला ते थांबले, किटली माझ्यासमोर धरली आणि आत बघायला लावलं. फेस होता. मगच त्यांनी खिशातून हिरव्या दोऱ्याची चावी काढली.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या, जिना अंधारा, पण स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. भाडं मी ऐकलं आणि मला शंका आली. इतकं कमी का, म्हणून विचारलं. ते म्हणाले, “बोळात गाडी शिरत न्हाई म्हणून. भाजीची पाटी शिरती की.”

शहरात स्वस्त आणि चांगलं एकाच ठिकाणी कुठे सापडतं याचं इतकं सोपं उत्तर मला नंतर कुणी दिलेलं नाही. आम्ही त्या घरात अजून राहतो. नवऱ्याची मोटरसायकल बोळाच्या तोंडाशी उभी असते.

दलाली ते लगेच घेत नसत. नव्या घरात, त्याच पेठेतल्या भाजीचा स्वयंपाक करून एक वेळ त्यांना जेवू घालायचं, मग दलाली. हा त्यांचा नियम होता आणि तो ते कुणासाठीही मोडत नसत. घर बरोबर निवडलं की नाही ते ताटात कळतं म्हणे. मी जळगावच्या अभिमानानं भरीत केलं. वांगी मात्र इथली, कृष्णाकाठची, लहान आणि काटेरी. भरताला ही वांगी चालत नाहीत, आमच्याकडची हिरवी मोठी लागतात, हे मी त्यांना वाढतानाच सांगून ठेवलं. त्यांनी एकदा घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं, हात धुतले आणि जिना उतरताना म्हणाले की वांगं आमचं हाय म्हणून भरीत झालंय. मी दोन दिवस धुसफुसत होते. आता मीही पाव्हण्यांना तेच सांगते.

हळूहळू मला त्या बोळाची सवय झाली. सकाळी सातच्या सुमाराला कोडोलीकडची एक मावशी पाटी घेऊन यायची. तिच्या पाटीत पावट्याच्या शेंगा, जवारी काकडी, कधी अंबाडी. इथे गावठी वाणाला जवारी म्हणतात. माझी मुलगी जिन्यात बसून काकडी खात मोठी झाली आणि घरात ‘न्हाई’, ‘व्हय’ बोलू लागली. जळगावला आजी तिचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावायची. दोन वर्षांत बदली मागून परत जायचं असं ठरवून आम्ही आलो होतो. ते आम्ही कधी विसरलो ते मला आता आठवतही नाही. परक्या गावात माणूस कशानं रुजतो याबद्दल मोठमोठे लोक काय काय सांगतात. मी आपली ओळखीच्या भाजीवालीमुळे रुजले.

धंदा म्हणून पाहिलं तर मामा अगदीच कच्चे. एकदा पुण्याहून आलेल्या जोडप्याला घर दाखवत होते. घर त्या दोघांना पसंत होतं, मालक शेजारी उभा होता, पेढे आणायची वेळ आली होती. आणि मामांनी सांगून टाकलं की ह्या गल्लीत भाजीवाली दुपारी येते, तोवर पालेभाजीनं मान टाकलेली असते, तुम्ही हे घर घेऊ नका. मालकानं त्यांच्याकडून चावी काढून घेतली. मी नंतर त्यांना म्हटलं, मामा, थोडं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? त्यावर ते म्हणाले की रोजच्या जेवणात माझी आठवण निघणार, ती शिव्या घालत का निघावी?

आणखी एक आठवण आहे, ती मी त्यांच्याबद्दल बोलताना नेहमी सांगते. बाहेरगावची एक परिचारिका घर बघत होती. बौद्ध घरातली, इथल्या दवाखान्यात नुकती लागलेली, स्वभावानं फटकळ. कट्ट्यावरून चालत आले, फेस टिकला, तिला खोली आवडली. मग मालकानं आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर त्याला अचानक आठवलं की खोली त्याच्या भाच्याला द्यायची आहे. मामांनी खिशातून त्या मालकाच्या तिन्ही चाव्या काढल्या, ओट्यावर ठेवल्या आणि वळले. त्या मालकाच्या दारात त्यांनी पुन्हा कधी गिऱ्हाईक नेलं नाही. त्या बाईनं दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच घर शोधलं आणि मामांना नुसतंच जेवायला बोलावलं. तिथे जाताना मामा माझ्याकडून वांगी निवडून घेऊन गेले होते. दलाली नसलेलं ते बहुतेक एकच जेवण.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. आमच्या बोळात पाट्या येत राहिल्या, पोलीस नसतील अशा वाटेनं येत राहिल्या. पण घरं दाखवणं थांबलं आणि मामा आपल्या एका खोलीत कित्येक महिने बसून राहिले. मामी त्याआधीच गेल्या होत्या. सगळं उघडल्यावर मामा पुन्हा कट्ट्यावर दिसू लागले, तीच टोपी, तीच किटली. काहीतरी बदललं होतं, पण काय ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला.

ते घरं नाकारू लागले. पूर्वी त्यांनी स्वतःच लोकांना दिलेली, त्यांच्याच शास्त्रात बसणारी घरं आता त्यांना लांब वाटू लागली. दारापर्यंत पोचेतो फेस बसलेला असे. ते किटलीत बघत आणि गिऱ्हाइकाला म्हणत, न्हाई, हे नको. कधी म्हशीच्या खाद्याला दोष देत, कधी गवळ्याला. गवळी मला म्हणाला, बाई, म्हशी त्याच, धार तीच, मामास्नी काय झालंय? गिऱ्हाइकं कमी होत गेली. लोक मोबाईलवर घरं बघत होते, भाजी मोबाईलवर मागवत होते, त्यात किटली घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे कोण जाणार? खिशातल्या चाव्या चार-पाचच उरल्या.

हे सगळं मी आपलं लांबून बघत राहिले असते. पण त्यांच्या लेकीचा प्रश्न आला.

त्यांची एकुलती लेक कबनूरला दिली होती. जावई यंत्रमागावर काम करायचा, तो तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेला. सासरच्या दोन खोल्यांत दीर, जाऊ, त्यांची पोरं आणि ही आपल्या मुलीला घेऊन. कोल्हापुरात एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं. पहाटे एसटी धरायची आणि अंधार पडताना परत. मुलगी पाचवीत, दिवसभर आईविना. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत इथे घर मिळालं तर मुलीचं नाव इथल्या शाळेत घालायचं, नाही मिळालं तर काम सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण वडिलांच्या खोलीत राहायला ती तयार नव्हती. माघारी आली म्हणतील, मला माझं घर पाहिजे, भाडं माझं मी देईन, असं तिनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. मामा हे मला सांगताना रागावल्यासारखे बोलत होते, पण त्यांना तिचा अभिमान वाटत होता हे लपत नव्हतं.

आयुष्यभर लोकांना घरं दिलेल्या माणसाला स्वतःच्या लेकीसाठी घर मिळेना. फेब्रुवारीपासून ते शोधत होते. एप्रिल संपत आला तरी शोधतच होते.

आमच्या मागच्याच बोळात एक तळमजल्याची खोली रिकामी झाली. पुढे छोटी पडवी, मागे न्हाणी, मालकीणबाई चांगल्या, भाडं त्या लेकीच्या पगारात बसणारं. मीच धावत जाऊन मामांना सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी किटली घेऊन गेले आणि येऊन म्हणाले, लांब पडतंय. मला वाटलं, ऐकण्यात माझी काही चूक झाली. त्या खोलीवरून मी रोज शाळेत जाते, कट्ट्यापासून पाच-सहा मिनिटांची वाट. पुन्हा जा म्हटलं. ते पुन्हा गेले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मला राग आला आणि मी त्यांना नको तेवढं बोलले. मालकीणबाई किती दिवस थांबणार, लेकीचं काम जाईल, फेस फेस काय घेऊन बसलात, असं बरंच काही. शेवटी ते म्हणाले, “परक्याला खोटं घर दिलं न्हाई. पोटच्या पोरीला देऊ व्हय?”

चौथ्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. कट्ट्यावर दूध घेतलं आणि निघालो. पहिल्या कोपऱ्यावर ते थांबले आणि एका दुकानाची पाटी वाचू लागले. पाटी मी इथे आल्यापासून तीच आहे. पुढे एका ओट्याशी थांबून कुणाची तरी चौकशी केली. ओट्यावर एक कुत्रं झोपलं होतं, बाकी कुणी नव्हतं. मग पायताणाचा अंगठा नीट केला. मग भिंतीला हात लावून, ह्या भिंतीला ओल आली बघा, म्हणाले. मी भिंतीकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघितलं. त्यांची छाती वरखाली होत होती आणि ओठांचा रंग उतरला होता. आम्ही त्या खोलीशी पोचलो तेव्हा मी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. किटलीत दूध सपाट पडलं होतं.

दोन वर्षं हा माणूस आपले पाय सोडून सगळ्यांना दोष देत होता, म्हशीला, गवळ्याला, घरांना. मुद्दाम नव्हे. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. ज्या मापानं सगळं शहर मोजलं त्या मापातच काही झालं असेल हे कुणाला सुचेल? आणि सुचलं तरी मी ते त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सरळ सांग. नवऱ्यांना सगळं सरळ सांगता येतं, सांगायचं दुसऱ्यानं असतं तेव्हा.

पुढच्या सकाळी मी कट्ट्यावर त्यांच्या हातातून किटली घेतली. आज किटली मी धरते, तुम्ही सावकाश या, असं म्हणून मी पुढे निघाले. ते मागून काहीतरी म्हणत होते, मी थांबले नाही. रोज शाळेत जाते तशी चालले, कमी नाही, जास्त नाही. पडवीच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. मालकीणबाईंनी आत बोलावलं, मी गेले नाही. बोळाच्या तोंडाकडे बघत राहिले. कितीतरी वेळानं टोपी दिसली. मग भिंतीला धरलेला हात दिसला.

मामा येईतो फेस बसणार हे ठाऊक होतं, म्हणून मी पोचल्याबरोबर मालकीणबाईंना बोलावून तो दाखवून ठेवला होता. मामा आल्यावर मालकीणबाईंनीच सांगितलं की बाई आल्या तेव्हा किटलीत फेस काठापर्यंत होता. मामा पायरीवर बसले. दम खाल्ला. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना बिनटोपीचं मी पहिल्यांदाच बघत होते. मग माझ्याकडे वर बघून त्यांनी विचारलं, “खरं सांगा बाई. पळत आलासा का?”

मला त्या क्षणी काय काय वाटलं ते लिहिते, लपवत नाही. पळत आले म्हटलं असतं तर त्यांचे पाय शाबूत राहिले असते. घर लांबच ठरलं असतं आणि लेक कबनूरला राहिली असती. चालत आले म्हटलं की लेकीला घर मिळणार होतं, पण मामांचं मामापण तिथेच पायरीवर संपणार होतं.

“चालत आले, मामा,” मी म्हटलं. “रोज चालते तशी.”

एकेक घर त्यांना आठवत असणार. त्या दोन वर्षांत ज्यांना ज्यांना नको म्हटलं ती माणसं कुठे गेली असतील, असं ते मालकीणबाईंना विचारू लागले, जशी काही त्यांना ती माहीत होती. मग उठले, खोलीत गेले, नळ सोडून बघितला, स्वयंपाकाच्या ओट्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, “पोरीला फोन लावा की. म्हणावं, घर मिळालं.”

लेक मे महिन्यात राहायला आली. पहिल्या दिवशी तिनं मामांना जेवायला बसवलं, आम्हालाही बोलावलं. पावट्याची आमटी आणि भाकरी होती. मामांनी नेहमीसारखं तिसऱ्यांदा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते उरलेल्या चाव्या घेऊन घरोघर फिरले, प्रत्येक मालकाला त्याची चावी परत दिली आणि आता मी थांबलो म्हणून सांगितलं. चार घरांना त्यांना अख्खी सकाळ लागली. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले.

माझ्यावर ते रागावले असतील असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं काही नव्हतं. मी सकाळी शाळेत जाताना ते लेकीच्या पडवीत बसलेले दिसत, नातीची वेणी झालेली असे, आणि हे भाजी निवडत असत. मला बघून ते विचारत की आज डब्यात काय हाय. मी सांगे. कधी मान हलवत, कधी नुसतंच हं करत. एखादं नवं जोडपं घर विचारायला आलंच तर त्यांना माझ्याकडे पाठवत. बाईंचं चालणं बरोबर हाय, असं त्यांना सांगत. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला शाळेनंही दिलेलं नाही.

गेल्या माघात ते गेले. मी दोन दिवस जळगावला होते. परत आले तेव्हा बोळाच्या तोंडाशी त्यांच्या फोटोचा फलक लागला होता आणि त्यावर त्यांचं नाव होतं. मी ते वाचलं आणि क्षणभर हे कोण म्हणून उभी राहिले.

संध्याकाळी मामांच्या लेकीकडे गेले. ती पडवीत बसली होती. रडून झालेलं होतं. तिनं मला सांगितलं की सकाळी सहाला आबांच्या, म्हणजे मामांच्या, शेजारची बाई बोलवायला आली, दारातूनच ओरडली. ही तशीच निघाली, पायात काही घातलं नाही.

“पोचले तर जागे होते, बाई. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, पळत आलीस व्हय? व्हय आबा, म्हटलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तर म्हणाले, कशाला गं? जवळ तर हाय.”